घाटावरच्या शेंगा

ओल्या भुईमुगाच्या शेंगा मीठ घालून उकडल्या, की त्या संपवायला घरात कुणाला हाक मारावी लागत नाही. पण दाणा तोंडात टाकल्यावर हातात उरलेल्या टरफलाकडे, त्याच्या आतल्या अंगाकडे, तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? मी तरी पाहिले नव्हते. आम्ही चिपळूणची माणसे. आमच्याकडे शेती म्हणजे भात आणि फार तर नाचणी. शेंगदाणा वाण्याकडून किलोवर यायचा, भाजायचा, कूट करून डब्यात भरायचा. तो जमिनीखाली पिकतो हे शाळेत शिकले होते, मुलांना शिकवलेही होते. पण मातीच्या आत पिकलेली वस्तू पिकली हे वरून कसे कळायचे, हा प्रश्न मात्र कधी डोक्यात आला नाही.

तो आला गेल्या वर्षी, दोन ऑक्टोबरच्या सुटीत.

माझी थोरली नणंद पाटणच्या पुढे एका गावात दिली आहे. (गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे घरातले बोलणे यायचे आहे आणि दाजींना ते छापलेले आवडणार नाही!) बरेच दिवस वन्सं बोलावत होत्या. ह्यांना रजा नव्हती, म्हणून मी आणि धाकटी, दोघीच सकाळच्या कराडच्या एस.टी.त बसलो. पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. पावसाळा संपता संपता हा घाट पाहावा. दरडींवरून अजून पाणी झिरपत असते आणि वळणावळणाला धुके खिडकीतून आत येते. माझी लेक दोन वळणांतच पिशवी मागू लागली, त्यामुळे निसर्गसौंदर्य मला तितपतच बघता आले. वर हेळवाकला पोचलो आणि हवा एकदम कोरडी झाली. मग कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप वन्संच्या सासऱ्यांनी पाहिला होता. ते होते तोवर आम्ही गेलो की ती हकिगत एकदा सांगायचेच. पुढे रस्ता कोयनेच्या काठाकाठाने उतरत जातो. भाताची खाचरे विरळ होतात, ज्वारी दिसू लागते, वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या संथपणे फिरत असतात. आणि सोयाबीन! जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. वन्संच्या सासूबाई, ज्यांना सारे गाव जिजी म्हणते, त्यांना हे अजिबात खपत नाही. "आधी ह्यो समदा शिवार भुईमुगाचा व्हता," असे त्या मला प्रत्येक भेटीत सांगतात. "आता दाण्याची चटणी बी इकत आणायची पाळी आलीया."

त्यांच्या घरी मात्र अजून एक एकर भुईमूग होतो. अर्धा ओढ्याकडच्या काळ्या पट्टीत, अर्धा वर टेकाडाच्या तांबूस मुरमाड पट्टीत. आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर चहा चालला होता आणि चहाबरोबर वाद.

वाद असा. जूनच्या २० तारखेला दोन्ही पट्ट्यांत एकाच दिवशी पेर झाली होती. वरच्या पट्टीतला पाला पिवळा पडून गळायला लागला होता. मोबाइलवर दोन दिवसांनी जोराचा पाऊस दाखवत होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेंगा तोडायला दहा बाया उद्या-परवा मिळत होत्या. त्यानंतर त्या सोयाबीनच्या काढणीला जाणार, म्हणजे पुढचे पंधरा-वीस दिवस कुणी मिळायचे नाही. दाजींचे म्हणणे, सगळे रान उद्याच उपटून मोकळे होऊ. जिजींचे म्हणणे, खालची पट्टी उपटा, वरचीला हात लावायचा नाही.

"पाला गळाया लागला, आणि कशाची वाट बघायची?" दाजी म्हणाले.

"पाला कशानं गळतोय ते बघ की आधी," जिजी म्हणाल्या, आणि कपबशी खाली ठेवून सरळ चपला घालून निघाल्या. ऐंशीच्या घरातली बाई, पण बांधावरून चालताना मलाच मागे टाकले.

रानात गेल्यावर जे पाहिले ते सांगते, कारण पुस्तकात वाचून ते माझ्या ध्यानात आले नव्हते. भुईमुगाला पेरल्यापासून महिन्याभरात पिवळी फुले यायला लागतात. फूल वरच, पानांच्या बेचक्यात. ते फळले, की त्यातून एक सुतळीएवढा देठ निघतो आणि खाली वाकून जमिनीत शिरतो. त्याला आऱ्या म्हणतात. आऱ्याच्या टोकाला, मातीच्या आत, शेंग धरते. आता गंमत अशी, की फुले एकाच दिवशी येत नाहीत, ती आठवडेच्या आठवडे येत राहतात. म्हणजे एकाच वेलाच्या बुडाशी जून शेंग असते, अर्धी भरलेली असते आणि नुसते पाण्याचे बोंडही असते. घरात पाठोपाठची भावंडे असावीत तसे. सगळ्यांची वाट पाहत बसलात तर थोरल्या शेंगा हातच्या जातात. घाई केलीत तर धाकट्या पोचट निघतात. पूर्ण पिकलेला भुईमूग असा काही नसतोच. कधी जास्तीत जास्त शेंगा पदरात पडतील, एवढेच ठरवायचे असते.

आणि पाला? पिकाचे दिवस भरले की खालची पाने पिवळी पडून गळतात, हे खरे. पण टिक्का नावाचा रोग पडला तरीही पाने गळतात. जिजींनी वरच्या पट्टीतले एक पान माझ्या तळहातावर ठेवले. त्यावर काळपट तपकिरी गोल ठिपके होते, कुंकवाच्या टिकलीएवढे. "ह्यो टिक्का. पान रोगानं पडतंय, वयानं न्हाई." दाजी पानाकडे न बघता आभाळाकडे बघत होते.

शिवाय दोन पट्ट्यांत वाणही वेगळे होते. खाली उपट्या भुईमूग, म्हणजे ज्याचे झाड आटोपशीर, ताठ वाढते आणि शेंगा बुडाशी घोसाने लागतात. त्यातही फुले प्रगती, ज्याला सगळे जेएल-२४ म्हणतात, तो लवकर येणारा. उपट्याला वाणाप्रमाणे तीन ते पावणेचार महिने लागतात. वर होता निमपसऱ्या. त्याला चार महिने तरी हवेत. आणि जुना पसऱ्या जमिनीवर वेलासारखा लोळतो, त्याला तर साडेचार महिने लागतात. तो हल्ली इकडे क्वचितच दिसतो. मी मनातल्या मनात दिवस मोजले. २० जून ते २ ऑक्टोबर, १०४ दिवस. खालच्याचे भरून वर आठवडाभर झाला होता, वरच्याला अजून पंधरवडा होता. पण जिजी म्हणाल्या की दिवसांवर सगळे सोडू नये. पाऊस जास्त झाला, हवा गार राहिली की पीक मागे रेंगाळते. शेवटी शेंगेलाच विचारायचे.

शेंगेला विचारायचे म्हणजे असे. वेल उपटून शेंग पुसायची. जून शेंगेचे टरफल टणक लागते आणि त्याच्यावरच्या शिरा उठून दिसतात. कोवळी शेंग गुळगुळीत आणि फिकट असते, बोटाने दाबली तर दबते. मग ती फोडायची आणि दाणे काढून टरफलाच्या आत बघायचे. कोवळ्या शेंगेत आतून पांढरे, कापसासारखे मऊ अस्तर असते. दाणा भरत जातो तसे ते अस्तर सुकते, आणि जागोजाग तपकिरी होत शेवटी काळपट पडते. दाण्याचे साल आधी पांढरट आणि जाडसर असते. पिकले की कागदासारखे पातळ होते आणि वाणाचा रंग, गुलाबी असेल तर गुलाबी, त्यावर चढतो. मी डझनभर शेंगा फोडल्या आणि मला आश्चर्यच वाटले. इतकी वर्षे उकडलेल्या शेंगांची टरफले मी डोळे मिटूनच टाकत होते की काय!

आता वाद मिटायला हवा होता आणि तिथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी म्हटले, "दाजी, मोजून बघू या ना." पाच ठिकाणचे वेल उपटले. बांधाजवळचे नाही, आतले, कारण कडेची झाडे नेहमीच फसवी. प्रत्येक ढिगातून डोळे झाकून वीस-वीस शेंगा घेतल्या, शंभर झाल्या. माझ्या लेकीने काळ्या एकीकडे आणि पांढऱ्या एकीकडे अशा राशी लावल्या. खालच्या पट्टीत शंभरात ८१ काळ्या. वरच्या पट्टीत ४६. शंभरातल्या पाऊणशे शेंगा आतून काळ्या झाल्या की काढणीला हरकत नाही, असा साधारण हिशेब आहे. दाजी मला म्हणाले, "मास्तरीणबाई, पाऊस काय तुमच्या शंभर शेंगा मोजून पडणार आहे का?" पण आवाज उतरला होता. जिजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मोजलेही नव्हते.

थांबण्यात धोका नव्हता असे मुळीच नाही, हेही सांगायला हवे. शेंग फार जून झाली की आऱ्या कमजोर होतो, वेल उपटला की शेंग तुटून मातीतच राहते. आणि उपट्या भुईमुगाच्या दाण्याला झोप नसते. पिकलेल्या शेंगेवर पाऊस पडला की तो जमिनीतच कोंब काढतो. पसऱ्याचा दाणा काही आठवडे तरी निजून राहतो, निमपसऱ्याचाही बराचसा दम धरतो, उपट्याला तेवढा धीर नाही. म्हणून खालची पट्टी एक दिवसही ठेवायची नव्हती. जिजींनी वरच्या पट्टीतले दोन वेल धरून ओढले, आऱ्या तटकन तुटला नाही, शेंडे अजून हिरवे होते. "राहील पंधरा दिस," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून खालची पट्टी. जमिनीला वापसा होता, म्हणजे पायाला चिखल लागत नव्हता आणि ढेकूळही होत नव्हते. असा वापसा असला की वेल शेंगांसकट अल्लद वर येतो. दहा बाया, वन्सं, मी, लेक. वेल उपटायचा, झटकायचा, उलटा ठेवायचा, मग ओळीने बसून शेंगा तोडायच्या. तासाभरात माझ्या अंगठ्याचे साल निघाले. त्या बायांची बोटे वाजत होती नुसती! मजुरी पैशांत नव्हती. दर आठ पाट्यांमागे एक पाटी तोडणाऱ्यांची. दोन दिवसांत अठ्ठेचाळीस पाट्या झाल्या, सहा त्यांच्या गेल्या. वन्सं मला हळूच म्हणाल्या, "यंदा थोरलीच्या नर्सिंगच्या फीचा पहिला हप्ता ह्यावर आहे." तेव्हा मला दाजींची घाई कळली. काल ती मला नुसता हट्ट वाटली होती.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. लिहायला जड जाते आहे, पण लिहिते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आले. सगळेजण ओसरीत, माळ्यावर, जागा मिळेल तिथे शेंगा पसरत होते आणि गुरांसाठी पाला आत ओढत होते. अंगणात शेवटच्या सहा पाट्यांची रास उरली. मी म्हटले, "ही मी झाकते." गोठ्यातली प्लास्टिकची ताडपत्री आणून चारी बाजूंनी दगड ठेवून अशी गच्च झाकली, की एक थेंब आत जाईना. मला फार अभिमान वाटला स्वतःचा. रात्रभर पाऊस, दुसरा दिवसभर पाऊस. सगळ्यांना वाटले, रात्रीच कुणीतरी ती रास आत घेतली असेल. मला वाटले, झाकली आहे, छान आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप पडली आणि मी ताडपत्री उचलली, तर आतून गरम वाफ आली. जिजींनी राशीत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, "घाम फुटलाय गं शेंगांस्नी." खालच्या शेंगांवर पांढरट जाळे धरले होते, कुठेकुठे हिरवट पूड. कुबट वास येत होता.

ताज्या शेंगेत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, कधी निम्मे, पाणीच असते. ते आठ-नऊ टक्क्यांवर येईपर्यंत शेंग वारा लागेल अशी पातळ पसरून वाळवायची असते. मी तिला बाहेरच्या पाण्यापासून राखले आणि आतल्या पाण्यात उबवले.

वन्संना वाटले, धुऊन वाळवाव्यात आणि घाण्यावर द्याव्यात, तेलात काय कळणार आहे. जिजी म्हणाल्या, "आमच्या सासूनं असल्या धुऊन खाल्ल्यात, काय झालं न्हाई." घरात मी पाहुणी, चूकही माझीच. बोलू की नको असे झाले. पण बोलले. शेंगदाण्यावरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या पटापट मेल्या, तेव्हा शोध घेता घेता त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडले. ते धुऊन जात नाही, भाजल्याने वा उकडल्यानेही पुरते जात नाही. घाण्याच्या न शुद्ध केलेल्या तेलात ते उतरू शकते, आणि म्हशीला पेंड घातली तर दुधातही येते. माणूस त्याने सहसा लगेच मरत नाही, ते वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. प्रत्येक बुरशीत ते असतेच असे नाही, पण डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. हे सारे मी सांगत होते आणि सांगताना माझाच घसा दाटत होता, कारण सहा पाट्या म्हणजे दहा बायांची दोन दिवसांची मजुरी. तेवढेच माझ्या एका ताडपत्रीने घालवले होते.

दाजींनी एकही शब्द न बोलता फावडे घेतले आणि परसात खड्डा केला. सगळी रास पुरली. जेवताना मला घास जाईना, तर जिजींनी ताटात दाण्याची चटणी वाढली आणि म्हणाल्या, "खा. ही मागल्या सालची हाय, वाळवलेली."

घरी आल्यावर मी आधी माझा स्वतःचा डबा उपसला. तुम्हालाही सांगते, कारण आपण सगळ्याच जणी हे करतो. कूट करताना एखादा काळा, सुरकुतलेला, कडवट दाणा आला तर "एकानं काय होतंय" म्हणून मिक्सरमध्ये लोटतो. खवट झालेले दाणे आमटीच्या वाटणात खपवतो. मीही खपवत आले. आता निवडताना असे दाणे बाजूला काढते ते कचऱ्यातच टाकते, कावळ्यांनाही घालत नाही. जमेल तेव्हा वर्षाचे दाणे न घेता वाळक्या शेंगा घेते. टरफलात दाणा जास्त टिकतो, लागतील तशा फोडायच्या. वाळली आहे का ते कानाशी हलवून कळते, आत दाणा खुळखुळतो. दाणा चावला तर कुटकन तुटला पाहिजे, आणि चोळल्यावर साल सुटले पाहिजे. मऊ लागला तर परत उन्हात घालायचा. उकडायला ओल्या शेंगा घेताना मात्र काळ्याच हव्यात असा हट्ट धरू नका. आतून नुकते तपकिरी व्हायला लागलेले दाणे उकडून जास्त गोड लागतात. जुन्या शेंगा उकडल्या तरी दाताला लागतात.

वरच्या पट्टीचे काय झाले ते सांगायचे राहिलेच. जिजींनी पंधरा दिवस म्हटले होते, पण सोयाबीन संपेपर्यंत बाया मिळाल्या नाहीत, काढणी २३ ऑक्टोबरला झाली. तोवर पाऊस थांबून कडक ऊन पडले होते, मुरमाड जमीन आवळून आली होती. वेल ओढला की नुसता हातात यायचा. कुदळीने उकरत बसावे लागले, तरी चार-पाच पाट्यांच्या शेंगा मातीत राहिल्याच. त्या मग गावातल्या म्हाताऱ्या आणि पोरे सरवा वेचून घेऊन गेली. "आठ दिवस आधी काढल्या असत्या तर?" असे दाजी अजून म्हणतात. पण ज्या आल्या त्या भरलेल्या होत्या, आणि फीचा हप्ता भरला गेला. वन्संची थोरली आता कराडला शिकते आहे.

दिवाळीला वन्सं आल्या त्या शेंगांची एक पिशवी घेऊन. मी चहा टाकेपर्यंत माझ्या लेकीने पिशवीतल्या वीस शेंगा मोजून जमिनीवर मांडल्या होत्या आणि एकेक फोडून आत बघत बसली होती. सतरा काळ्या निघाल्या. रात्री जिजींचा फोन आला, शेंगा पोचल्या का म्हणून विचारायला. पोचल्या म्हटले. मग म्हणाल्या, "आता झाकून ठेवू नगंस बाई."